घरगुती मैफल रेकॉर्ड करायला छोटा प्रीअँप घ्यावा का?

सतरंजी | रवि, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

बायको ज्या बाईंकडे गाणं शिकते त्यांची वर्षातून एकदा घरगुती बैठक असते. कोथरूडमधल्या एका बंगल्याचा हॉल, चाळीसेक माणसं खाली बसून, लाऊडस्पीकर नाही. बाई, तबला, हार्मोनियम, मागे दोन तानपुरे, एवढंच. रेकॉर्डिंगचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय कारण घरात वायरी माझ्याकडेच असतात.

सामान असं: जुना सोनी पीसीएम-एम१० रेकॉर्डर, अजून ठणठणीत. प्रिमो ईएम१७२ कॅप्सूलची जोडी, मित्राने पेनाच्या नळीत बसवून दिलेली, शेवटी साडेतीन मिमीची पिन. ती थेट रेकॉर्डरच्या माईक-इनमध्ये, प्लग-इन पॉवर (रेकॉर्डरच त्या पिनीतून माईकला थोडे व्होल्ट देतो ती) चालू.

गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग ऐकून रडू येतं. आलापीत मागे सतत "सूंऽऽ" असा आवाज, आणि तोच आवाज वाढवून द्रुतपर्यंत गेलं की तबला फाटतो. लेव्हल मीटर तर कधीच लाल झाला नव्हता! म्हणजे हळू तेही वाईट आणि मोठं तेही वाईट. एका मित्राने सांगितलं की रेकॉर्डरचा आतला प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) फालतू असतो, बाहेरचा छोटा पोर्टेबल प्रीअँप घे. तर कोणता घेऊ? बॅटरीवर चालणारा हवा, आणि हो, किडनी विकावी लागणार नाही असा.

पोटॅशियम | रवि, रात्री ११:५२

मोबाईलवर रेकॉर्ड कर की. आजकालचे फोन भारी असतात.

सतरंजी | रवि, रात्री ११:५५

केलंय. फोनला आलाप म्हणजे गोंगाट वाटतो बहुतेक, नॉईज कमी करायच्या नादात त्याने तानपुरेच पुसून टाकले. :(

फ्रेमॉन्टकर | सोम, सकाळी ७:१०

झूम एफ३ घ्या आणि मोकळे व्हा. दोन एक्सएलआर (तीन टोकांचे मोठे माईक-सॉकेट), ३२ बिट फ्लोट (लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते), त्यामुळे गेनचं, म्हणजे सिग्नल कमीजास्त करायचं, बटणच नाही, दोन पेन्सिल सेलवर चालतो, हाताच्या पंजात मावतो. इथे बे एरियात आमच्या हाऊस कॉन्सर्टना मी दोन वर्षं तोच लावतोय.

हा "बाहेरचा प्रीअँप" प्रकार आला कुठून ते सांगतो, कारण तुमच्या मित्राचं म्हणणं एके काळी शंभर टक्के खरं होतं. अमेरिकेत ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमांना लोक स्वतःचे माईक घेऊन जायचे. बँडचा विरोध नव्हताच, उलट २७ ऑक्टोबर १९८४ ला बर्कलेच्या कम्युनिटी थिएटरमध्ये त्यांनी टेपर लोकांसाठी बसायला अधिकृत वेगळी जागाच करून दिली. तिथे माईकच्या काठ्यांचं जंगल उभं राहायचं. पुढे डॅट (डिजिटल टेप) वॉकमन आले, सोनी डी७, डी८ वगैरे. मशीन फर्स्टक्लास पण त्यातला माईक प्रीअँप यथातथा, आणि माईकला ४८ व्होल्ट फँटम (माईकच्या वायरीतूनच जाणारी पॉवर) द्यायची सोयच नाही. मग खांद्याच्या पिशवीत ग्रेसचा ल्युनाटेक नाहीतर तसलाच दुसरा डबा, त्याची वेगळी बॅटरी, आणि तिथून लाईन-इनमध्ये (आधीच वाढवलेला सिग्नल घेणारी पिन). मी नव्वदीत इथे आलो तेव्हा एका कलीगच्या मागे मागे हे शिकलो, पिशवी इतकी जड की लोकांना वाटायचं हा इसम प्रवासाला निघालाय.

आता रेकॉर्डरमध्येच चांगले प्रीअँप येतात. त्यामुळे वेगळा डबा घ्यायचं मूळ कारणच गेलं.

डबीवाला | सोम, सकाळी ९:३०

एफ३ चांगलाच आहे, वाद नाही, पण सतरंजीभाऊंचे माईक त्यात लागणारच नाहीत. एफ३ ला फक्त एक्सएलआर. ईएम१७२ ला हवेत प्लग-इन पॉवरचे थोडेसे व्होल्ट, त्याला थेट ४८ दिले की राम नाम सत्य. मध्ये रोडच्या व्हीएक्सएलआर प्लससारखा तुकडा लावावा लागेल, तो फँटम घेऊन माईकला ३ ते ५ व्होल्ट देतो. दोन माईक, दोन तुकडे, शिवाय जोडीच्या एका पिनीच्या दोन करा. म्हणजे एका रेकॉर्डरपायी सगळंच बदला.

आधी रोग काय ते बघू. सतरंजीभाऊ, चार प्रश्न. (१) एम१० वरचा माईक सेन्सचा खटका हाय वर होता का लो वर? (२) हॉलमध्ये पंखे चालू होते का? (३) माईक किती लांब होते? (४) तबला फाटला तेव्हा मीटर कुठे होता?

सतरंजी | सोम, सकाळी ९:४८

(१) हाय. (२) दोन पंखे, आणि मागच्या खोलीत एसी. ऑक्टोबर होता हो! (३) बाईंच्या समोर साधारण २ मीटर. (४) −८ च्या आसपास, म्हणून तर डोकं चक्रावलंय.

डबीवाला | सोम, सकाळी १०:२०

सापडलं. तुम्हाला दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकाच गोळीने बरे करायला निघालाय.

पहिला आजार, फाटणं. ईएम१७२ ची सेन्सिटिव्हिटी −२८ डीबी, म्हणजे ९४ डीबी आवाजाला साधारण ४० मिलिव्होल्ट. हे भरपूर आहे. स्टुडिओतल्या नावाजलेल्या रोड एनटी५ ला तेवढ्याच आवाजाला १२ मिलिव्होल्ट मिळतात. आता दोन मीटरवरून तबल्याची चाट सणसणीत बसली आणि क्षणभर ११० डीबीचं टोक आलं असं धरा, की तुमचा कॅप्सूल पाव व्होल्ट बाहेर फेकतो. आणि ते जातंय कुठे, तर हाय सेन्सवर ठेवलेल्या माईक-इनमध्ये! रेकॉर्ड लेव्हलची चकती कितीही खाली करा, ती या पहिल्या पायरीच्या नंतर येते. पहिल्याच पायरीवर डोकं आपटलं की मीटर −८ दाखवतो आणि आवाज मात्र फाटलेला. वर प्लग-इन पॉवर म्हणजे दोन-अडीच व्होल्ट, त्यात कॅप्सूललाही हातपाय पसरायला जागा नाही. त्याला ५ व्होल्टवर तोललंय.

दुसरा आजार, सूंऽऽ. त्याबद्दल माझा संशय छताकडे आहे. टेस्ट करून सांगा:

हॉलमध्ये कुणी नसताना, त्याच लेव्हलला, एकेक मिनिट रेकॉर्ड करा. एकदा पंखे चालू, एकदा सगळं बंद. नंतर माईक काढून तिथे शॉर्ट केलेली पिन लावा (जुन्या इअरफोनची पिन कापून तिन्ही तारा एकत्र पिळल्या की झालं) आणि परत एक मिनिट. तिन्हींचे आकडे इथे टाका.

खिडकीजवळची | सोम, दुपारी १:०५

धाग्याची वाचनखूण साठवली. तांत्रिक भाग डोक्यावरून गेला पण पिन कापायची आयडिया आवडली.

आघातस्वर | सोम, दुपारी २:४०

मी थोडा असहमत. चांगल्या प्रीअँपने आवाजाला जो गोलवा येतो, ऊब येते, ती आकड्यात नाही पकडता येत. ट्रान्सफॉर्मरवाला प्रीअँप लावून हार्मोनियम ऐका एकदा, बाजाच बदलल्यासारखा वाटतो.

डबीवाला | सोम, दुपारी ३:००

बाजा बदललेला नकोय ना पण. बाईंचा आहे तोच हवाय. (हलकेच घ्या.)

कोकमसरबत | सोम, सायं ६:१५

फोंड्याहून लिहितोय. देवळातली भजनं, आरत्या रेकॉर्ड करतो, अधूनमधून नाटकंही. प्रीअँपच्या खरेदीत मी माती खाल्लीय ती सांगतो म्हणजे बाकीच्यांचे पैसे वाचतील.

कंडेन्सर (पॉवर लागणारे) माईक होते, रेकॉर्डर जुना, हिस, म्हणजे बारीक सूंऽऽ, येतो असं वाटायचं. कुठेतरी वाचलं की फेटहेड नावाची बोटभर नळी असते, माईक आणि केबलच्या मध्ये लावायची, २७ डीबी फुकटात. मागवली. लावली. आणि शांतता! हिस गेला, भजनही गेलं. :D दोन दिवस वायरी तपासल्या. मग पत्रक नीट वाचलं, ती नळी फँटम स्वतः खाते, माईकपर्यंत पोचूच देत नाही. ती डायनॅमिक आणि रिबन माईकसाठी. कंडेन्सरसाठी त्यांचीच दुसरी आवृत्ती असते. चूक सर्वस्वी माझी.

पण वाया नाही गेली. पुजाऱ्यांच्या डायनॅमिक माईकवर ती सोन्यासारखी चालते. एसएम५८ सारखा माईक ९४ डीबीला जेमतेम पावणेदोन-दोन मिलिव्होल्ट देतो, त्याला रेकॉर्डरचा गेन पार टोकाला न्यावा लागतो आणि तिथे हिस खरंच येतो. म्हणजे छोट्या प्रीअँपची गरज कुणाला, तर मुक्या माईकला.

फ्रेमॉन्टकर | सोम, रात्री ९:३०

"मुका माईक" झकास शब्द!

यावरून हिशोब मांडतो, ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा. एनटी५ चा स्वतःचा नॉईज १६ डीबीए. तो व्होल्टमध्ये बदलला की साधारण दीड मायक्रोव्होल्ट, म्हणजे −११४ डीबीयू. रेकॉर्डरच्या प्रीअँपचा नॉईज समजा −१२० डीबीयू, जो मधल्या किमतीच्या रेकॉर्डरमध्ये आज सहज मिळतो. दोन्ही एकत्र केले की एकूण नॉईज वाढतो फक्त १ डीबी. आता तिप्पट पैसे ओतून −१२८ वाला प्रीअँप आणला, तरी वाचणार तो या एका डीबीतलाच, ०.८ च्या आसपास. आणि हॉलमध्ये पंख्याची घरघर ३५ डीबीए धरली तर ती माईकच्या नॉईजच्याही १९ डीबी वर बसलीय. मग ते ०.८ कुणाच्या कानाला ऐकू येणार?

आणि ईएम१७२ तर एनटी५ पेक्षा बोलका. नॉईज १४ डीबीए आणि आउटपुट तिपटीहून जास्त. त्याच्यापुढे सुमार प्रीअँपसुद्धा खपून जातो.

जुना_स्पूल | सोम, रात्री १०:५०

वाचून मौज वाटली. आमच्या वेळी उहेरचा पोर्टेबल टेपरेकॉर्डर खांद्याला लावून बैठकींना जायचो. ५ इंची स्पूल, वेग १९ सेंमी ठेवला तर एक बाजू २४ मिनिटांत खलास. म्हणजे विलंबित ख्याल रंगात आला, बुवा आता अंतऱ्याकडे वळणार, आणि इकडे फटक् फटक् फटक्. निम्मा वेग केला तर ४७ मिनिटं मिळायची पण तानपुऱ्याची जवारी मरायची. तेव्हा आमच्यापुढे प्रश्न प्रीअँपचा नसायचा, स्पूल पलटायला किती सेकंद लागतात हा असायचा. तबलजी ओळखीचा असला तर तो दोन आवर्तनं जास्त वाजवून सांभाळून घ्यायचा, खोटं नाही सांगत.

एक सूचना. लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावू नका, लावलाच तर अगदी खालचा. पंख्याची घुमघुम काढायला म्हणून पोरं १०० हर्ट्झला कापतात आणि बायाँचा घुमारा त्यातच जातो. मग तबला एका हाताने वाजवल्यासारखा ऐकू येतो.

खिडकीजवळची | सोम, रात्री ११:०२

काका, तुमच्या स्पूलवर वेगळा धागा काढा ना प्लीज. मोठ्ठा.

सतरंजी | बुध, रात्री १०:३०

टेस्ट केली. बंगल्याच्या मालकांना काय सांगावं कळेना, रिकाम्या हॉलमध्ये एक मिनिट गप्प उभं राहायचंय म्हटल्यावर त्यांनी मला विचित्र नजरेने पाहिलं.

पंखे आणि एसी चालू: −४८
सगळं बंद: −६१
शॉर्ट पिन: −७८

म्हणजे सगळं बंद असतानाही खोलीचा आवाज रेकॉर्डरच्या वर १७ डीबी?? आणि पंखे लावले की ३०?

डबीवाला | बुध, रात्री १०:४१

हेच. सूंऽऽ तुमच्या छताला लटकलंय, त्याला प्रीअँप काय करणार? −७८ म्हणजे एम१० निर्दोष सुटला.

आघातस्वर | बुध, रात्री ११:१५

मान्य. हिसपुरतं मान्य. उबेबद्दल माझं मत कायम.

ताशा_तर्री | गुरु, सकाळी ८:२०

अवांतर: ढोल पथक रेकॉर्ड करायला काय वापरावं? आमच्या सरावात सगळंच फाटतं.

डबीवाला | गुरु, सकाळी ८:५५

तिथे प्रीअँप लावूच नका, तिथे उलटी गरज. ईएम१७२ तर साधारण १२० डीबीच्या आतच हात वर करतो, पथकाच्या मध्ये उभं राहिलात तर कॅप्सूलच फाटेल, मग पुढे कितीही भारी मशीन असो. कमी सेन्सिटिव्हिटीचा माईक घ्या, थेट लाईन-इनमध्ये द्या आणि लांब उभे राहा. ३२ बिट फ्लोट असला तरी हेच. फ्लोट म्हणजे लेव्हल चुकली तर नंतर सावरता येते. माईक किंवा आतली पहिली ॲनलॉग पायरी फाटली तर ते फाटलेलंच इमानदारीत ३२ बिटमध्ये लिहून ठेवतो.

आता सतरंजीभाऊंच्या पहिल्या आजाराचं औषध. माईक-इन सोडा, लाईन-इन वापरा. लाईन-इनला पॉवर नाही, म्हणून मध्ये ९ व्होल्टची बॅटरी बॉक्स, म्हणजे एक सेल, दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर. कॅप्सूलला पुरेसे व्होल्ट मिळतील आणि तबला फाटायचा थांबेल. पण मग आलापीत लेव्हल फार खाली राहील. हळू सुराला, ६० डीबी धरा, कॅप्सूल देतो ०.८ मिलिव्होल्ट, आणि लाईन-इनला अपेक्षा असते त्याच्या कितीतरी पट. म्हणजे मध्ये १०-२० डीबी गेन लागेल. इथे तुम्हाला छोटा प्रीअँप लागतो. माईक-इन जास्त आणि लाईन-इन कमी, या दोघांच्या मधली ती पायरी. बाजारात असले डबे मिळतात, चर्च ऑडिओ, नायंट वगैरे छोटे उत्पादक बनवत आलेत, पण परदेशातून मागवून कस्टम भरण्यापेक्षा मी माझी डबी देतो. आवडली तर स्वतः बनवा.

सतरंजी | गुरु, सकाळी ९:०१

डबी?? (आत्ता आयडीचा अर्थ लागला)

डबीवाला | गुरु, दुपारी १२:१०

गोळ्यांची पत्र्याची डबी, आत सर्किट. ओपीए२१३४ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) एक, त्यात दोन्ही चॅनल होतात. ९ व्होल्टचा सेल मधून फोडून खोटं ग्राउंड. प्रत्येक कॅप्सूलला १० के मधून पॉवर, पुढे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. गेनसाठी १ के आणि ९.१ के, म्हणजे २० डीबी. एक खटका ठेवलाय, तो खाली केला की १० डीबी. व्हॉल्यूमची चकती मुद्दाम नाही लावली, स्वस्तातला डबल पॉट कमी गेनला दोन्ही बाजू सारख्या देतच नाही आणि बाई मधोमध बसलेल्या असताना डावीकडे सरकतात. सगळा माल बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळाला, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. फक्त ऑपअँप ओळखीच्या दुकानातून घ्या, डुप्लिकेट फार फिरतात.

दोन चुका मी केल्या त्या तुम्ही करू नका. पहिल्या डबीत ग्राउंडची तार पत्र्याला टाकली पण आतला रंग खरवडला नव्हता, मग हात लावला की गुंऽऽ. दुसरं म्हणजे शोभेचा लाल एलईडी, दहा मिलिअँप पीत होता आणि सगळं सर्किट मिळून नऊ. आता एलईडीला मोठा रेझिस्टर आहे, जेमतेम मिणमिणतो.

आणि प्रत्येक मैफलीला नवा सेल. पन्नास-शंभर रुपये वाचवायला जाऊ नका. पॉवर बँक वगैरेच्या नादालाही लागू नका, इतका कमी करंट ओढला की ती समजते फोन चार्ज झाला आणि स्वतःहून बंद पडते. माझी एक अख्खी भैरवी अशी गेलीय.

फ्रेमॉन्टकर | गुरु, रात्री ९:१५

पॉवर बँकबद्दल +१. माझ्या एका तीन तासांच्या कार्यक्रमातली मधली चाळीस मिनिटं तिने गिळलीत.

माईक लावण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. प्रीअँपपेक्षा शंभरपट फरक त्याने पडतो. दोन कॅप्सूलमध्ये १७ सेंमी अंतर आणि ११० अंशांचा कोन, ही ओआरटीएफची पद्धत, पण ती कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणाऱ्या, माईकची. तुमचे ओम्नी (सगळीकडून सारखं ऐकणारे) आहेत, त्यांना नुसता कोन देऊन काही होत नाही. एकतर ४०-५० सेंमी फाकवा नाहीतर मध्ये उशीसारखी चकती लावा, येक्लिन डिस्क म्हणतात तिला, ३५ सेंमीच्या पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी फोम चिकटवला की झाली. उंची दीड मीटर ठेवा, सतरंजीवर ठेवू नका, लोकांचे गुडघे हलले की धप्प धप्प येतं. आणि पंख्याच्या थेट खाली नको.

ओम्नी असल्यामुळे थोडं जवळ जायला लागेल. दोनाऐवजी दीड मीटर.

जुना_स्पूल | गुरु, रात्री १०:००

आणि तबला बाईंच्या उजवीकडे, पेटी डावीकडे बसते. उजव्या-डाव्या पिनी उलट लावू नका. घरी ऐकताना तबलजी पेटीच्या जागी बसलेला दिसतो, फार त्रास होतो.

खिडकीजवळची | शुक्र, सकाळी ११:३०

एक तांत्रिक नसलेला मुद्दा. बाईंना विचारलंयत ना? आणि साथीदारांना? कलाकाराच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करणं हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८अ चा विषय आहे, आणि "कलाकार" मध्ये तबलजी, पेटीवालेही येतात. कलम ३९ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी, संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. पण ते यूट्यूबवर चढवलं की तो खाजगी वापर राहत नाही. मी वकील आहे, फुकटात सांगतेय, चहा पाजा.

सतरंजी | शुक्र, दुपारी १२:०५

बाईंनीच सांगितलंय रेकॉर्ड करायला, विद्यार्थिनींसाठी. साथीदारांना मात्र विचारलं नव्हतं, हे डोक्यातच नव्हतं आलं. आज फोन करतो. चहा नक्की, ताई.

सतरंजी | रवि, दुपारी ४:२०

झाली मैफल, काल रात्री! वृत्तांत देतो.

डबीवाले स्वतः घरी येऊन डबी देऊन गेले (साष्टांग दंडवत, माणूस प्रत्यक्षात आयडीपेक्षा बराच उंच आहे). खटका १० डीबीवर, तिथून लाईन-इन. शुक्रवारी घरी बायकोला गायला लावून लेव्हल बघितली, मग २० ची गरजच वाटली नाही. येक्लिनची चकती योगा मॅट कापून केली, बायकोला अजून माहीत नाही.

साथीदारांना विचारलं. तबलजी म्हणाले करा पण मलाही द्या. पेटीवाले म्हणाले, गेल्या वर्षीचं पण केलं होतं का? मी विषय बदलला.

पंख्यांचं मोठं राजकारण झालं. बंद करा म्हटल्यावर दहा मिनिटांत लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला लागले आणि चाळीस कागदांची फडफड पंख्यापेक्षा वाईट. शेवटी बाईंनीच तोडगा काढला, ख्यालाला पंखे बंद, मध्ये ठुमरी-नाट्यगीताला चालू, शेवटी भैरवीला परत बंद. आलापीत तानपुरे असे आलेत की हेडफोन लावून बसलो आणि उठावंसंच वाटेना. तबला एकदाही फाटला नाही, सर्वात जोरकस तिहाईसुद्धा −७ ला अडली. बायाँ पूर्ण आलाय, जुना_स्पूल काका, लो-कट अजिबात नाही लावला.

एकच गोष्ट फाटली. पहिल्या रांगेत माईकच्या अगदी डाव्या हाताला एक काका होते, दर समेला "क्या बात है!" डावा चॅनल त्यांच्या तिसऱ्या दादेला थेट शून्याला जाऊन धडकला. त्यांना कुठला प्रीअँप लावायचा?

कोकमसरबत | रवि, सायं ५:००

त्यांना ओआरटीएफ लावा. १७ मीटर अंतरावर. :D

आघातस्वर | रवि, सायं ५:४५

दोन मिनिटांचा तुकडा ऐकायला मिळेल का? (वकीलताईंची परवानगी असेल तर)

खिडकीजवळची | रवि, सायं ६:१०

परवानगी माझी नाही, बाईंची आणि साथीदारांची!

सतरंजी | सोम, रात्री ९:५०

आज संध्याकाळी बाईंना ऐकवायला गेलो होतो. हेडफोन लावून डोळे मिटून वीसेक मिनिटं बसल्या. मी आपला कौतुक ऐकायला कान टवकारून. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "मागच्या डाव्या तानपुऱ्याचा पंचम दुसऱ्या ख्यालापासून उतरलाय. चाळीस जणांत एकानेही सांगितलं नाही मला?"

डाव्या तानपुऱ्यावर माझी बायको होती.

तुकडा इथे टाकायचं विचारायची हिंमत झाली नाही. डबीवाले, डबी परत द्यायला शनिवारी येतो, पण सर्किटची आकृती तेवढी टाका, तापकीर गल्लीत जाऊन सामान घेऊन ठेवतो.

डबीवाला | सोम, रात्री १०:०५

टाकतो. योगा मॅटचं सांगितलंत का घरी?

सतरंजी | सोम, रात्री १०:०६

या आठवड्यात नको.